न झिजलेली बैठक

आमच्या घरातली कुठलीच खुर्ची फार दिवस आमची नसायची. सकाळी ज्या बाकावर बसून चहा प्यायले तो बाक मी शाळेतून येईपर्यंत विकला गेलेला असायचा, आणि आई त्या जागी पाट टाकून म्हणायची, बस गो, तुझ्या बाबानं सिंहासन विकलंन. बाबा मुळातले सुतार. हात चांगला होता, पण स्वतः नवं घडवण्यापेक्षा दुसऱ्याने घडवलेलं उलटंपालटं करून बघण्यात त्यांचा जीव रमायचा, म्हणून ते जुन्या लाकडी सामानाच्या धंद्यात शिरले. पेणला आमचं घर तेच दुकान. पुढच्या पडवीत पलंग, फडताळं, पेटारे, आरशांची कपाटं एकमेकांना रेलून उभी, आणि त्यांच्यातून वाट काढत आत स्वयंपाकघर. शेजारी गणपतीचा कारखाना होता. तिकडून ओल्या मातीचा वास यायचा, आमच्याकडून चपडी लाखेच्या पॉलिशचा जायचा, आणि मधल्या भिंतीपाशी उभं राहिलं की दोन्ही वास एकत्र नाकात बसायचे. पॉलिशपेपरची खसखस दिवसभर चालू. ती थांबली की आई विचारायची, जेवायला बसताय काय.

आईचं आणि त्या सामानाचं कधी पटलं नाही. ती पोह्याचे पापड करायची. पेणेत ते कोण करत नाही म्हणा. पण वाळत घालायला जागा हवी, आणि पडवीत ऊन येणारी जागा नेमकी शिसवी पलंगांनी अडवलेली. मग ती सरळ पलंगावरच धोतर पसरून पापड घालायची. बाबा तेलाच्या डागांच्या नावाने ओरडायचे, ती म्हणायची, झोपत तर कोण नाय त्याच्यावर, पापड तरी झोपूदे. एकदा मुंबईच्या गिऱ्हाइकाने पलंगाबरोबर पापडही मागितले, तेव्हा ती आठवडाभर ताठ मानेने वावरली.

मला या धंद्यातली अक्कल केव्हा आली ते सांगता येत नाही. बाबांनी शिकवलं असं काही नाही. ते नुसते बोलत राहायचे. जुनी वस्तू ओळखायची तर तिच्या तोंडाकडे बघू नये, असं त्यांचं म्हणणं. नक्षी काय, कोणीही खोदून देईल. वस्तू आधी उलटी करायची. खालच्या बाजूला रंध्याचे घाव हाताला लागतात का बघायचं, सांध्यात खिळा आहे की खाचेत बसवलेलं लाकडाचं कुसू, ते बघायचं. आणि सगळ्यात शेवटी झीज. माणूस जिथे बसतो, जिथे हात टेकतो, जिथे पाय घासतो, तिथे लाकूड बसकं आणि गुळगुळीत होतं, आणि ती झीज कुठल्याही कारागिराला खोटी करता येत नाही. बनवाबनवी करणारे चहाच्या पाण्याने रंग जुना करतात, पण झीज चुकीच्या जागी काढतात. हे सगळं मी ऐकत गेले आणि चौदा-पंधरा वर्षांची होईतो माझी बोटं बाबांच्या बोटांपेक्षा तल्लख झाली. गिऱ्हाइकासमोर ते मला डोळे मिटायला लावायचे आणि खुर्चीवरून हात फिरवून सांगायला सांगायचे. मी सांगायचे, उजवा हात मूळचा, डावा नंतरचा. गिऱ्हाईक चकित. बाबा माझ्याकडे न बघता पान लावत बसायचे, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या असायच्या. मला गर्व होता. थोडाथोडका नव्हे, भरपूर होता, आणि तो लपवण्याची पद्धत मला ठाऊक नव्हती.

त्या काळात रोह्याहून बोलावणी येऊ लागली. बेने इस्राएल लोकांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं तिकडे बरीच होती, पेणेतही होती. पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, काही सुतारकी करणारे. नेसणं आमच्यासारखं, बोलणं आमच्यासारखं. फक्त शनिवारी घाणा बंद. त्यांच्यातली घरं एकेक करून इस्रायलला निघाली होती. बोटीतून पलंग नेता येत नाही, म्हणून बाबांना बोलावणं. बाबांना अशा घरात जायला आवडत नसे. कर्जात बुडालेल्या माणसाशी मी घासाघीस करीन, म्हणायचे, पण जो निघालाय त्याच्याशी कशी करायची. तरी जायचेच, न जाऊन कसं चालणार. अशा घरी ते चहा होईपर्यंत बोलायचे नाहीत, मग एकच भाव सांगायचे, आणि समोरचा हो म्हणाला की मान खाली घालून सामान उचलायला लागायचे.

अशाच एका घरी मी त्यांच्याबरोबर गेले. एस.टी.ने नागोठण्यावरून रोहा, तिथून चालत. घर रूबेन नावाच्या माणसाचं, वय तिशीचं, अंगात घाईच घाई. घरात दोऱ्यांनी बांधलेली बोचकी आणि खोबरं-गुळाचा वास. त्याची आई हन्नाबाई घरी नव्हती. नातेवाइकांकडे निरोपाचा मलिदा होता, तिकडे गेली होती. मलिदा म्हणजे त्यांच्यातलं पुण्याचं ताट: भिजवलेले गोड पोहे, वर खोबरं आणि फळं, आणि सगळ्यांनी मिळून म्हटलेली प्रार्थना. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की रूबेन सारखा दाराकडे बघतोय.

पलंग, फडताळ, दोन पेटारे असं ठरल्यावर तो आम्हाला माजघरात घेऊन गेला. तिथे भिंतीशी ती होती. खुर्ची म्हणावी तर दोन माणसांची, बाक म्हणावा तर पाठ दोन खुर्च्यांसारखी वेगवेगळी कोरलेली. दोन्ही टोकांना एकेक हात, मध्ये आडकाठी नाही. पाय मात्र सहा, दोन्ही टोकांना एकेक जोडी आणि एक जोडी मध्यभागी. शिसव अस्सल. असलं काही आम्ही आधी पाहिलं नव्हतं. रूबेनने पुढे होऊन डाव्या बैठकीवरचं घडी घातलेलं पांढरं कापड उचललं आणि खिशात कोंबलं. म्हणाला, पणजोबांनी केलेलं हाय, जुनंच हाय, हेपण न्या.

बाबांनी ती माजघरातल्या अंधुक उजेडात उलटी केली, बघितली, सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले. कोणी सांगितलं नव्हतं तरी मिटले. उजवी बैठक हाताखाली वाटीसारखी खोल, कडा गोल झालेल्या. उजवा हात झिजलेला. मग डावीकडे आले. डावा हात तर उजव्यापेक्षाही गुळगुळीत, त्याच्या टोकाशी लाकूड अक्षरशः रेशमासारखं. पण डावी बैठक सपाट. कडा धारदार. रंध्याची शेवटची फेरी जशी निघाली असेल तशीच. धूळसुद्धा नाही. मी डोळे उघडले आणि ठासून सांगितलं, "डावी बैठक बदललेली हाय, बाबा. हात जुना, बैठक नवी."

बाबांनी स्वतः हात फिरवला आणि मान हलवली. मग रूबेनला म्हणाले की अर्धीच वस्तू खरी आहे, वेगळा भाव काय लावणार, पेटाऱ्यांबरोबर धरतो. रूबेनने तोंड उघडलं. काहीतरी सांगणार होता तो, मला अजूनही तसं वाटतं. मग त्याने पुन्हा दाराकडे बघितलं आणि म्हणाला, लवकर भरा म्हणजे झालं. भाड्याने केलेली लॉरी निघाली तेव्हा मी वर सामानात बसले होते, त्याच खुर्चीवर, डाव्या बाजूला, कारण ती सपाट होती आणि खड्ड्यांतून बरी वाटत होती.

पेणेत एका वकिलांना ओसरीवर बसायला जुनी हाताची खुर्ची हवी होती. दोन माणसांची वस्तू, त्यात अर्धी बदललेली, तशीच कोण घेणार. बाबांनी ठरवलं, कापायची. मधले पाय उजव्या अर्ध्याकडे ठेवले की चार पायांची चांगली खुर्ची होते, एका बाजूचा हात नवा करता येईल, आणि उरलेलं डावं अर्धं दुरुस्तीला लाकूड म्हणून कामी येईल. आमच्या धंद्यात हे पाप नव्हतं, रोजचं होतं. मी डावी बाजू दोन्ही हातांनी दाबून धरली आणि बाबांनी करवत लावली. शिसव कापताना एक गोडसर वास सुटतो. तो सुटला. पाठ कापून झाली. बैठकीचा दोन तृतीयांश भाग कापून झाला तेव्हा करवत थांबली.

बाबा खाली वाकले आणि फटीतला भुसा फुंकला. मग अंगठा थुंकीने ओला करून बैठकीवरून आडवा ओढला, उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत. ओल्या लाकडावर रेषा उठून दिसतात. एका काळ्या रेषेवरून त्यांचा अंगठा खोल बैठकीतून निघाला, करवतीची फट ओलांडून सपाट बैठकीत गेला, आणि रेषा कुठे तुटलीच नाही.

"यमू," ते म्हणाले, "ही एकच फळी हाय."

मी बघितलं. एकच होती. एका झाडाची, एका दिवशी रंधलेली. डावी बैठक बदललेली नव्हती. दोन्ही बैठका सारख्याच वयाच्या होत्या. मग एक झिजली आणि दुसरी नाही, असं कसं, हे आम्हाला दोघांनाही कळेना. बाबांनी करवत पुन्हा उचलली. मग त्यांनी कापणं पुरं केलं. आता मागे फिरण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि अर्धवट कापलेल्या वस्तूपेक्षा वाईट काही नसतं, असं ते म्हणाले, पण माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. वकिलांना त्यांनी निरोप पाठवला की खुर्ची तयार नाही.

पुढच्याच आठवड्यात हन्नाबाई आली. आई पापड घालत होती, तिनेच पहिलं बघितलं. नऊवारीतली, कपाळ मोकळं, बारीक चणीची म्हातारी, हातात पितळी डबा. एस.टी.चा प्रवास करून एकटी आली होती. पडवीत सामानातून वाट काढत येताना ती प्रत्येक वस्तूकडे बघत होती, गर्दीत आपलं माणूस शोधावं तशी. बसली, पाणी प्यायली, आणि शांतपणे सांगू लागली. रूबेनने तिच्या मागे ती खुर्ची विकली. त्याला भीती होती की ती खुर्ची घरात असेपर्यंत आई काही निघायची नाही. आणि खरं होतं ते, ती म्हणाली. पण तिने सगळा विचार केला होता. निघण्याआधी खुर्ची पेणच्या त्यांच्या प्रार्थनालयात ठेवायची, म्हणजे ती आपल्या माणसांत राहील, आणि आपण सुटू. घेतलेले पैसे ती पदराच्या गाठीत परत घेऊन आली होती.

खुर्ची तिच्या आजेसासऱ्यांनी घडवलेली. त्यांच्यात मुलगा जन्मला की आठव्या दिवशी सुंता होते, तेव्हा दोन आसनं लागतात. एकावर वडीलधारा माणूस मूल मांडीवर घेऊन बसतो. दुसरं मोकळं ठेवायचं. "ती जागा एलियाहू हन्नाबीची, आमच्या प्रेषिताची," ती म्हणाली. "तो येतो पोराला बघाया. तिथं कोण नाय बसत." आळीतल्या प्रत्येक मुलाच्या वेळी ती खुर्ची खांद्यावरून त्या घरी जायची. एरवी माजघरात असायची. सासरे रोज संध्याकाळी उजवीकडे बसायचे, डावीकडची जागा कापड घालून मोकळी. आणि येता-जाता घरातला प्रत्येक जण, परीक्षेला निघालेलं पोर, बाळंतपणाला निघालेली लेक, डाव्या हाताला बोटं लावून ती ओठांना लावायचा. हातबोशी म्हणतात त्याला त्यांच्यात. तिने ते करून दाखवलं, हवेत, नसलेल्या हाताला.

माझ्या बोटांना तो रेशमासारखा भाग आठवला. बाबांना काय आठवत होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तिने विचारलं, कुठं ठेवलीस रं दादा. बाबांनी मागच्या पडवीकडे बघितलं. मग मीच म्हणाले की आम्ही ती कापली, आणि बैठक बदललेली आहे असं मी सांगितलं म्हणून कापली. बाबा लगेच म्हणाले, पोर काय सांगणार, करवत माझ्या हातात होती. आम्ही दोघं तिच्यासमोर त्या चुकीसाठी भांडत होतो, आणि ती ऐकतच नव्हती. ती उठून मागच्या पडवीत गेली, जिथे दोन अर्धी भिंतीला टेकवून ठेवली होती.

ती रडली असती तर बरं झालं असतं. चिडली असती तर त्याहून बरं. तिने डाव्या अर्ध्याच्या हाताला बोटं लावली, ओठांना लावली, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, नवी कशावरनं म्हणलीस गो. मी सांगितलं: कोणी बसल्याची खूण नव्हती म्हणून. तिने मान डोलावली.

"बरोबरच वळखलंस," ती म्हणाली. "कोणीच नाय बसलं."

आणि तिने तीच बोटं माझ्या गालाला लावून आपल्या ओठांना लावली. लॉरीत मी कुठे बसले होते ते मी तिला सांगितलं नाही. सांगू शकले नाही. शिव्या मिळाल्या असत्या तर मी त्या इतक्या वर्षांत कधीच्या विसरले असते. ते बोटांचं टेकणं विसरता आलेलं नाही.

बाबा म्हणाले, बाई, जोडून देतो. आतून पट्टी घालतो, मजबूत होईल. तिने विचारलं, दिसंल काय. बाबा खोटं बोलू शकले असते, पण म्हणाले, दिसेल, करवतीने खाल्लेलं लाकूड परत येत नाही. तिने दोन्ही अर्ध्यांकडे बघितलं. मग म्हणाली, जोडू नको. डावी तेवढी प्रार्थनालयात पोचव. बाबांनी विचारलं, आणि उजवी?

"पोर मांडीवर घेऊन बसाया आता हितं कोण उरलाय," ती म्हणाली. "त्याची जागा तेवढी असली म्हंजे झाला."

पैशाची गाठ बाबांनी सोडू दिली नाही. डबा मात्र ती ठेवून गेली. खुर्ची जो सांभाळेल त्याच्यासाठी मलिदा आणला होता. आईने तो संध्याकाळी ताटात वाढला. बाबांनी हात लावला नाही. मी खाल्ला, आणि तो चांगला लागला, याचा मला स्वतःचा फार राग आला.

मधली पायांची जोडी बाबांनी उजव्या अर्ध्याची सोडवून डाव्याला लावली, म्हणजे ते चारही मूळच्या पायांवर उभं राहिलं. कापलेली कड पॉलिश करायला ते तयार होईनात. मग एका शुक्रवारी दुपारी आम्ही दोघांनी ते अर्धं उचलून त्यांच्या प्रार्थनालयापर्यंत चालत नेलं. हातगाडी होती, पण ते नको म्हणाले. हन्नाबाई आणि रूबेन त्यानंतर लवकरच गेले. तिकडून काही कळलं नाही. कळवण्याइतकं आमचं नातं तरी काय होतं.

बाबांनी धंदा सोडला नाही, पण मला डोळे मिटायला पुन्हा कधी सांगितलं नाही. वस्तू बघायला गेले की उलटी करण्याआधी विचारायचे, ह्याच्यावर कोण बसायचं. लोकांना ते चमत्कारिक वाटायचं. ते गेल्यावर दुकान मी चालवलं, आणि तो प्रश्न माझ्याकडे आला.

आता मी पेणेतच रामवाडीला राहते. डोलवीच्या पोलाद कंपनीचे ट्रेलर रस्त्याने गेले की कपाटाच्या काचा थरथरतात. दुकान बंद केलं, पण अलिबागकडे बंगले बांधणारे लोक आणि त्यांना जुनं सामान पुरवणारे व्यापारी अजून मला विचारायला येतात. तालुक्यात माझा शब्द शेवटचा मानतात, असं म्हणतात. उजवं अर्धं माझ्याकडे आहे. त्याला बाबांनी नंतर दोन नवे पाय केले. रंग वेगळा आहे, कोणालाही कळतो. त्यावर आमच्या घरात कोणी बसत नाही. मी कधी मनाई केली नव्हती, पण नातवंडंसुद्धा बसली नाहीत. वाटीसारख्या बैठकीत धूळ जमते, ती मी पुसते.

मागच्या पावसाळ्यानंतर एक व्यापारी आला होता. हुशार माणूस, वस्तू आधी उलटी करणारा. त्याने माझी खुर्ची बघितली, दोन पाय नंतरचे म्हणाला, बरोबर म्हणाला. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारात पडला. मग म्हणाला की पेणेतल्या त्या प्रार्थनालयात अशाच नक्षीचं एक अर्धं त्याने बघितलंय, भिंतीशी, वर पांढरं कापड. दोन्ही मिळाली तर फार मोलाची वस्तू होईल, बोलून बघावं का तिथल्या माणसांशी? फक्त एक शंका होती. कापड उचलून पाहिलं तर बैठक अगदी कोरी. तो माझ्याकडे बघत थांबला, गिऱ्हाइकं पूर्वी थांबायची तसा.

या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण मी जाणूनबुजून खोटा निवाडा कधी दिला नव्हता. मी डोळे मिटले. आठवणीत बोटांना तो डावा गुळगुळीत हात लागला, आणि त्याच्या शेजारची धारदार कड.

"ती बैठक बदललेली हाय," मी म्हणाले. "नाद सोडा."

त्याने मान हलवली, चहा प्यायला आणि गेला.